न पेरलेली फुलं

माझा नवरा मर्व्ह या वर्षापर्यंत घर सोडून कधी कुठं गेला नव्हता, पण आमच्या गावात कुणाला कुठं जायचं असलं की लोक त्यालाच विचारायला येतात. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला जे म्हणायचं होतं ते मी म्हणून बसलेय.

उभा जन्म त्यानं शाळेची बस चालवली. सकाळी पोरं गोळा करायची, दुपारी ज्याच्या त्याच्या फाटकाशी सोडायची. निवृत्त झाला आणि लायब्ररीत जाऊन बसला तो बसलाच. खिडकीजवळचं टेबल त्याचं. त्यावर नकाशे पसरलेले, चार-पाच प्रवासाची पुस्तकं उघडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आमच्या टास्मानियात एक बरं आहे, सगळ्या बेटावरच्या लायब्रऱ्या मिळून एकच. होबार्टच्या कपाटातलं पुस्तक मागवलं तर थोड्याच दिवसांत आमच्या काउंटरवर येतं, तेही फुकट. मर्व्हनं ही सोय इतकी वापरली की लायब्ररी सांभाळणारी तमसिन म्हणायची, "मर्व्ह, तुमच्या पुस्तकांसाठी आता वेगळी गाडी लावावी लागणार बघा."

खोटं कशाला बोलू, त्याचं काम चोख होतं. आमच्या शेजारचे पेंगेली, दुधाचा धंदा त्यांचा, मर्व्हनं आखून दिल्याप्रमाणे समुद्रापलीकडं, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्सच्या डोंगरात जाऊन आले आणि महिनाभर त्याचं कौतुक करत होते. पाणी कुठं भरायचं, कुठल्या वळणावर गाडी सावकाश घ्यायची, कुठल्या बेकरीतली खिम्याची पेस्ट्री खायची, सगळं तंतोतंत निघालं म्हणे. दर गुरुवारी लायब्ररीत प्रवासमंडळ भरतं. चहा असतो, कुणीतरी घरी भाजलेले स्कोन आणतं, आणि जो जाऊन आलाय तो पडद्यावर फोटो दाखवून बोलतो. मर्व्ह न जाता बोलायचा. त्याच्या गुरुवारी खुर्च्या कमी पडायच्या. लोक विचारायचे, "तुम्ही तिथं बरेच दिवस राहिलात वाटतं?" हा नुसता हसायचा. नाही म्हणायला काय जीभ झडत होती?

मला मात्र एकच जागा बघायची होती.

मी मटार गोठवायच्या कारखान्यात कामाला होते. सरकत्या पट्ट्यावरून मटार येतोय, खराब दाणा उचलून बाजूला टाकायचा, झाली नोकरी. जेवणाच्या सुट्टीत चाळायला लायब्ररीतलं पुस्तक न्यायचे. त्यात एकदा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रानफुलांचं पान निघालं. लालभडक माती, आणि तिच्यावर नजर पोचेल तिथवर पांढरी, गुलाबी, पिवळी फुलं. एव्हरलास्टिंग म्हणतात त्यांना. पाकळ्या कागदासारख्या कुरकुरीत, खुडली तरी वर्षभर रंग जात नाही. आणि खाली लिहिलं होतं, ही कुणी पेरत नाही. पाऊस झाला की आपली आपण उगवतात.

तुम्हाला यात काय एवढं, असं वाटेल. पण आमच्याकडं सगळं रांगेत असतं हो. कांदा रांगेत, बटाटा रांगेत, औषधाची खसखस रांगेत. टेबल केपवरचे ट्युलिप, ज्यांच्यासाठी लोक बसगाड्या भरून येतात, ते तर फूटपट्टी लावल्यासारखे. माझा मटारही रांगेतच यायचा. मला एकदा, फक्त एकदा, कुणी न पेरलेली फुलं बघायची होती. दुसरं काही मी या माणसाकडं कधी मागितलं नाही.

मग डोळ्यांनीच दगा दिला. काचबिंदू निघाला, तोही उशिरा. कडेचं दिसायचं बंद झालं होतं आणि मला आपलं वाटत होतं की वयामुळं दाराला धडकतेय. डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले, एक ऑपरेशन केलं, आणि मग समोर बसून सरळ सांगितलं, "जे बघायचंय ते आत्ता बघून घ्या. किती दिवस दिसेल याची खात्री मी देऊ शकत नाही."

परत येताना गाडीत मी मर्व्हला म्हटलं, "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग येत्या ऑगस्टला जायचं. फुलांना."

"जायचं की! आपल्याला नाही तर कुणाला जायचं?" तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन फुलांवरची झाडून सगळी पुस्तकं मागवली.

मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू. पुस्तकं घरी येत होती, मी भिंग घेऊन चित्रं बघत होते, तो वाटेतली गावं मोठ्यानं वाचत होता. वुबिन, पेरेंजोरी, मुलेवा, पिंडार. मला ती तोंडपाठ झाली. मग जुलै उजाडला आणि साहेब म्हणतात, "ग्लेनिस, यंदा नको. रानफुलांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती येतेय. जुन्यातले रस्ते बदललेत."

"रस्ते बदललेत, फुलं तर बदलली नाहीत ना?"

"अगं, अर्धवट माहितीवर एवढ्या लांब जायचं म्हणजे…"

"डोळे अर्धवट राहिलेत माझे, मर्व्ह!"

तो गप्प झाला. तो गप्प झाला की मला वाटायचं पटलं असेल. भोळीच मी. पुढच्या साली नवी आवृत्ती आली, तेव्हा दुसरंच निघालं. प्रवासमंडळानं ऑगस्टअखेरचा गुरुवार मर्व्हला दिला होता, आणि विषय कुठला? पश्चिमेची रानफुलं! म्हणजे ज्या दिवसांत फुलांत उभं राहायचं, त्याच दिवसांत हा लायब्ररीत उभा राहून फुलांवर बोलणार.

"दुसरा गुरुवार घे," मी म्हटलं.

"पोस्टर लागलंय गं. लोकांना सांगून झालंय. फुलं काय, दरवर्षी येतात."

मी त्या भाषणाला गेले. पहिल्या रांगेत बसले. तोवर मला नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढंच दिसत होतं. पडद्यावर फुलं आली की मान हलवून हलवून तुकडा तुकडा बघायचे. मर्व्ह फार सुंदर बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार? पेंगेलीबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "नशीबवान आहेस हो, असा जाणकार नवरा मिळाला." माझ्या जिभेवर आलं होतं, पण गिळलं.

आमच्याकडं ऑगस्टात हिवाळा असतो, त्या हिवाळ्यानंतर नळीही मिटत गेली. पुढचं वर्ष इस्पितळाच्या फेऱ्यांतच गेलं. शेवटी उजेड आहे की अंधार, एवढंच कळायला लागलं. मर्व्ह त्या काळात माझ्याशी फार चांगला वागला हेही सांगायला हवं. चहा हातात द्यायचा, कपडे काढून ठेवायचा, लायब्ररीतून बोलकी पुस्तकं आणून लावून द्यायचा. फुलांचं नाव मात्र त्यानं टाकलं.

मी नाही टाकलं. या वर्षी सुरुवातीलाच मी तमसिनकडं गेले, एकटी, काठी टेकत. म्हटलं, "पोरी, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर आमची बोटीची तिकिटं काढ. ऑगस्टची. मर्व्हला विचारायचं नाही."

तमसिन घुटमळली. "ग्लेनिस, राग मानू नका, पण तुम्हाला आता…"

"दिसत नाही. ठाऊक आहे मला. त्याला दिसतं ना? तो बघेल आणि मला सांगेल. एवढी वर्षं सगळ्या गावाला सांगतोय, एकदा बायकोला सांगेल."

तिकिटं निघाल्यावर मर्व्हला पळवाट राहिली नाही. पेंगेलींनी गाडीमागं जोडायची, आत झोपता येईल अशी त्यांची छोटी कॅराव्हॅन दिली. तमसिननं वाटेत ऐकायला बोलकी पुस्तकं निवडून दिली आणि बजावलं, मुदत संपली तर नुसता फोन करा, मी वाढवून देते. डेव्हनपोर्टहून बोट सुटली तेव्हा मी मर्व्हचा हात घट्ट धरला होता. तो मला म्हणाला, "पुस्तक घेतलंय हं बरोबर." जसं काही पुस्तक घरी राहिलं असतं तर आम्ही परत फिरणार होतो.

प्रवास सुखाचा झाला, हे मी नाकारणार नाही. नलारबरच्या ओसाड माळावरल्या सरळसोट रस्त्यावर आम्ही खुनाची गोष्ट ऐकत होतो आणि खुनी कोण यावर भांडत होतो. मी म्हणत होते डॉक्टर, तो म्हणत होता भाऊ. निघाली भलतीच, स्वयंपाकीण! दोघं इतके हसलो की गाडी कडेला घ्यावी लागली. राज्याच्या हद्दीवर, बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून, फळं-भाज्या तपासायला माणूस आला, तर मर्व्हनं त्याला काही विचारूच दिलं नाही. मध नाही, बटाटा नाही, सफरचंद नाही, सगळे नियम घडाघडा म्हणून दाखवले. तो माणूस म्हणाला, "काका, तुम्हीच बसा इथं खुर्चीवर." लग्न झाल्यापासून इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. मनात आलं, जाऊ दे, उशिरा का होईना, आणलं त्यानं.

मुलेवाच्या अलीकडं एका कॅराव्हॅन पार्कात उतरलो. तिथं फारच शांत होतं. ना पोरांचा गलका, ना शेजारी कुणाच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज.

"फुलांच्या दिवसांत जागा मिळत नाही असं तूच वाचून दाखवलं होतंस ना?" मी विचारलं.

"अजून शाळांना सुट्ट्या लागल्या नाहीत," तो म्हणाला.

मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. खडबडीत रस्ता लागला, मग गाडी थांबली. इंजिन बंद झालं. मर्व्हनं हातब्रेक ओढला, पण दार उघडलं नाही.

"आलो?"

"आलो."

मी दार उघडून उतरले. उन्हाचा उजेड पापण्यांवर आला. कोरडा वारा होता. मी नाक वर करून हुंगलं. "वास नाही येत रे. मधासारखा वास सुटतो म्हणाला होतास."

"वारा आपल्या पाठीकडून आहे."

मग पानांची सळसळ ऐकू आली. त्यानं पुस्तक उघडलं होतं. वाचायला लागला, "'या भागात ऑगस्टच्या अखेरीस…'"

माझं डोकंच सणकलं. "मर्व्ह, मीट ते पुस्तक! गाडीत ठेव! पुस्तकातलं मला पाठ आहे. आता तुझ्या डोळ्यांना जे दिसतंय ते सांग. एकदा. एकदाच माझ्यासाठी बघ."

पुस्तक मिटल्याचा आवाज आला. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, माझा दंड धरला, आणि सांगायला लागला.

"कुंपणापासूनच सुरू होतात. आधी पांढरी, दाट, माती दिसतच नाही. मग मध्ये गुलाबी पट्टा आहे, सरळ नाही, वेडावाकडा, कुणी बादली कलंडल्यासारखा. पिवळी मागं, झुडपांच्या बुंध्याशी. वारा आला की सगळी एका अंगाला कलतात. एक मेंढरू चुकून आत शिरलंय बघ, त्याचं पोट फुलांना लागतंय. आणि रांग म्हणशील, तर कुठंच नाही, ग्लेनिस. एकही रांग नाही."

मी रडले. चारचौघांत नाही रडत मी, पण तिथं हुंदके देऊन रडले. या माणसाला मी काय काय बोलले होते, मनात कसल्या शिव्या घातल्या होत्या, आणि यानं माझं ते रांगेचं बोलणंही लक्षात ठेवलं होतं. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हटलं, "आता हात लावू दे मला. पाकळ्या कुरकुरतात म्हणे."

"अगं, नको. साप असतात इथं."

"असू देत."

मी काठी टाकली आणि गुडघ्यांवर बसले. हात पुढं केला. खडी लागली. उन्हानं तापलेली, टोकदार खडी.

"कुठायत रे?"

"जरा पुढं."

मी गुडघ्यांवर पुढं सरकले. दोन्ही हात पसरून चाचपलं. खडी, माती, एक वाळकी काटकी.

"मर्व्ह?"

"अजून जरा पुढं."

आणखी पुढं गेले. गुडघे सोलवटले असणार, पण मला तेव्हा कळलं नाही. कुंपणाच्या तारेला हात लागला. त्याच्या म्हणण्याप्रमाणं तर इथून दाट पांढरी सुरू व्हायची. मी तारेखालून हात घातला, पार खांद्यापर्यंत. पलीकडंही तेच. तेव्हा मला पार्कातली ती शांतता आठवली, आणि वारा कुठून आहे तेही चेहऱ्याला नीट कळलं. वारा समोरूनच येत होता.

"मर्व्ह, खरं सांग. इथं एक तरी फूल आहे?"

त्याच्या बुटांखाली खडी करकरली. मग म्हणाला, "नाही."

"मेंढरू?"

"नाही."

"मग हे जे सांगितलंस ते कुठलं?"

"पाठ होतं," तो म्हणाला. "भाषणाचं. यंदा पाऊस झाला नाही इकडं. निघायच्या आधी वाचलं होतं मी लायब्ररीत. तुझी तिकिटं निघाली होती, कसं सांगणार? म्हटलं, तुला तसंही…"

"तसंही काय? बोल ना. तसंही काय कळणार?"

मी तिथंच, मातीत बसून विचारलं, "चांगला बहर कधी होता शेवटचा?"

"ग्लेनिस, चल, ऊन वाढतंय."

"कधी होता?"

"माझं भाषण होतं त्या साली. तीस वर्षांत झाला नव्हता असा, पेपरात आलं होतं."

"तेव्हा वाचलं होतंस तू ते?"

"हो."

"तेव्हा मला दिसत होतं, मर्व्ह."

"हो."

"मग का नाही नेलंस मला? पोस्टर लागलं होतं म्हणून?"

त्याचा आवाज एकदम बारीक झाला. शाळेतल्या पोरासारखा. "सगळे मला विचारतात गं. मी सांगितलेलं कधी चुकत नाही. इथं आलो असतो आणि माझं सांगणं चुकलंय असं निघालं असतं, तर मग मला कोण विचारणार होतं? मी आहे तरी कोण नाहीतर? बसवाला."

कुणी दुसऱ्यानं मला हे सांगितलं असतं तर त्याची दया आली असती. मला आली नाही. माझे डोळे गेले होते आणि याला आपली खुर्ची सांभाळायची होती. असा संताप आला की हातात आली ती खडी मी भिरकावली, त्याला लागली की नाही देव जाणे.

त्यानं मला काखेत हात घालून उठवलं, गुडघ्यांवरची माती झटकली, काठी हातात दिली. आणि दार उघडता उघडता म्हणाला, "ग्लेनिस, लायब्ररीत हे कुणाला सांगू नकोस हं."

परतीच्या सगळ्या वाटेवर मी त्याच्याशी बोलले नाही. त्यानं नवं बोलकं पुस्तक लावलं, मी बंद केलं. बोटीवरही गप्प होते. घरी आल्यावर पहिल्याच गुरुवारी तो म्हणाला, "तू नाही आलीस तरी चालेल, दमली असशील." मी कोट घातला आणि निघाले.

खोली भरलेली होती. चहाचं भांडं उकळत होतं, पेंगेलीबाईंनी मला धरून पहिल्या रांगेत बसवलं. तमसिन पुढं आली, तिच्या आवाजात नुसता आनंद होता. "आलात एकदाचे! सांगा, ग्लेनिस, कशी होती फुलं?"

"मर्व्हला विचार," मी म्हटलं. "बघणारा तो होता."

मी मुद्दाम त्याच्यावर सोडलं. खरंच सांगते, मला त्याचा पाणउतारा करायचा नव्हता. नुसतं 'यंदा फुलं नव्हती' एवढं म्हणाला असता तरी मी त्याचा हात धरून घरी गेले असते. सगळे थांबले होते. त्यानं घसा खाकरला.

"काय सांगू," मर्व्ह म्हणाला, "कुंपणापासूनच सुरू होतात. आधी पांढरी, दाट, माती दिसतच नाही. मग मध्ये गुलाबी पट्टा…"

मागं कुणीतरी अहाहा केलं. तो रंगात आला. पिवळी आली, वारा आला, मेंढरूही आलं. मेंढराला लोक हसले. पेंगेलीबाईंनी माझा हात दाबला. तो श्वास घ्यायला थांबला, तेवढ्यात मी बोलले, मोठ्यानं, शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल असं.

"मर्व्ह, आता खडीचं सांग. आंधळ्या बायकोला गुडघ्यांवर कुठपर्यंत नेलंस, ते सांग या लोकांना."